दोन अ‍ॅम्प एकत्र लावले की घूंऽऽऽ, आयसोलेशन बॉक्स बनवूनही फरक शून्य

तिसरा_मजला (नाशिक):

मंडळी, वर्षभर इथे नुसतं वाचतोय, आज नाइलाजाने लिहितोय. माझ्याकडे गिटारचा एक 15 वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प आहे, सेकंडहँड घेतलेला, आणि एक ट्रान्झिस्टरवाला कॉम्बो, कॉलेजपासूनचा. वेगवेगळे वाजवले तर दोन्ही बरे आहेत, म्हणजे अगदी चिडीचूप नाही पण सिंगल कॉइलची स्ट्रॅट गिटार आहे (तारांखालच्या प्रत्येक पिकअपमध्ये एकच कॉइल) तर तेवढं चालायचंच. मग दोन्ही एकदम वाजवायची हौस आली म्हणून एबीवाय बॉक्स घेतला, एका बाजूने गिटार आत, दुसऱ्या बाजूने दोन अ‍ॅम्पला दोन वायरी, आणि दुसरी वायर खोचली रे खोचली की घूंऽऽऽ सुरू. गल्लीतल्या डीपीखाली उभं राहिल्यासारखं वाटतं.

गंमत म्हणजे दुसरा अ‍ॅम्प चक्क बंद असला तरी पहिल्यातून घूं येतं. बंद म्हणजे त्याच्या स्वतःच्या स्विचने बंद, प्लग भिंतीतच. एबीवायवर फक्त पहिला अ‍ॅम्प निवडला तरी तेच. वायर उपटली की शांत. हे कसं काय बुवा?

इकडेतिकडे वाचून कळलं की ग्राउंड लूप आहे आणि मध्ये ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाकला की जातो. मागच्या महिन्यात पुण्यात मावसभावाच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा वेळ काढून तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन आलो, 600 ओम ते 600 ओमचा एक ट्रान्सफॉर्मर मिळाला, अंगठ्याच्या पेराएवढा आहे, दुकानदार म्हणाला टेलिफोन लाईनवर लावतात. घरी येऊन स्टीलच्या टिफिनच्या एका कप्प्याला दोन भोकं पाडली, दोन जॅक बसवले, मध्ये ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्या अ‍ॅम्पच्या वायरीत टाकला. (टिफिन आईचा आहे, ऑफिसला न्यायची तो. तिला अजून माहीत नाही.)

आवाज जातोय म्हणजे सोल्डरिंग बरोबर असणार. पण घूं जसंच्या तसं, एक टक्का कमी नाही. उलट आता गिटारचा आवाज बारीक झालाय, खर्ज गायब, फोनवरून वाजवतोय असं वाटतं. म्हणजे दुखणं तसंच आणि वर औषधाचा त्रास. ट्रान्सफॉर्मर खराब निघाला का? की हे सगळं सोडून रेडिमेड बॉक्स घेऊ?

बॅकलाईन_कोल्हापूर:

भावा एवढं कशाला डोकं लावतोयस, एका अ‍ॅम्पच्या प्लगची वरची जाडी पिन हाय न्हवं, तिला इन्सुलेशन टेप गुंडाळ नायतर टू-पिनचं अ‍ॅडॉप्टर लाव, घूं गायब. आमी ऑर्केस्ट्रात वर्सानुवर्सं हेच करतोय, मांडवात लई वेळा अर्थिंगच नसतंय, जनरेटरवर सगळं चालतंय, कुणाला काय बी झालं न्हाई.

आणि टिफिन वाया गेला त्याचं वाईट वाटलं 😄

तानपुरा_फुकट:

नाराज होऊ नका हो, तुम्हाला आयता तंबोरा मिळालाय. आपल्याकडची लाईट 50 हर्ट्झची, अ‍ॅम्पमधून 50 आणि 100 दोन्ही ऐकू येतात. गिटारच्या जाड ई तारेवर तिसरा फ्रेट म्हणजे जी, तो 98 हर्ट्झ. म्हणजे तुमचा अ‍ॅम्प जीच्या साधारण 35 सेंट (अर्ध्या सुराचा तिसरा हिस्सा) वर गुणगुणतोय. पेटीवर सांगायचं तर पांढरी पाचच्या किंचित वर, काळी चारला न पोचणारी. बेसूर आहे म्हणून कानाला टोचतं, सुरात असता तर आपण त्याला रियाज म्हटलं असतं. अमेरिकेत 60 हर्ट्झ, तिकडे तंबोरा काळी पाचच्या आसपास लागतो.

उपाय मला माहीत नाही, मी फक्त मजा बघायला आलोय.

सोल्डरकाका:

कोल्हापूरकर, तुमच्यावर राग नाही पण हा सल्ला परत इथे देऊ नका. आणि तिसरा मजला, तू वाचलं असशील तर विसर.

वरची पिन बाकी दोन पिनांपेक्षा लांब का असते माहितीये का कुणाला? प्लग घालताना अर्थ आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. ट्यूब अ‍ॅम्पच्या आत कधी इन्सुलेशन गेलं आणि फेज (लाईव्ह तार) चॅसीला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला, टेकला, तर अर्थ असली की फ्यूज उडतो नाहीतर एमसीबी पडते, तू शिव्या देतोस आणि जिवंत राहतोस. अर्थ नसली तर चॅसी 230 व्होल्टवर. चॅसीला जॅकचा बाहेरचा भाग, त्याला वायरीची जाळी, जाळीला गिटारचा ब्रिज, ब्रिजला तारा, आणि तारांना कोणाची बोटं? त्यात समोरच्या माइकला ओठ लागले आणि माइक मिक्सरमधून व्यवस्थित अर्थ झालेला असला तर सर्किट पूर्ण. 1972 साली स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवाला लेस हार्वे स्वानसीला असाच भर स्टेजवर गेला. त्या वेळी गोंधळ माइकच्या अर्थिंगचा होता, पण रस्ता हाच, माइक ते माणूस ते गिटार.

आता तू म्हणशील की दुसरा अ‍ॅम्प तर अर्थ केलेला आहे, मग पहिल्याला वायरीच्या जाळीतून अर्थ मिळतेच की. मिळते, वायर खोचलेली असेपर्यंत. तीही केसाएवढ्या तारांच्या विणीतून आणि स्प्रिंगवर टेकलेल्या जॅकमधून. वायर निघाली की तीही गेली. याच्यावर जीव टाकायचा?

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. अ‍ॅम्प बंद असूनही घूं का, हा प्रश्न एकदम बरोबर विचारलास आणि उत्तर त्यातच आहे. स्विचने फेज तुटतो, अर्थ कधीच तुटत नाही, तुटूही नये. तुझ्या दोन्ही अ‍ॅम्पच्या चॅसी भिंतीतून एकमेकांना जोडल्यात आणि एबीवायच्या वायरींच्या जाळीतून परत एकदा जोडल्यात, कारण एबीवाय फक्त सिग्नलची तार बदलतो, जाळी आतल्या आत कायम एकत्र असते. झालं कडं, हाच तो ग्राउंड लूप. घराला समोरासमोर दोन दारं उघडी असली की वारा आरपार वाहतो तसा त्या कड्यातून 50 हर्ट्झचा करंट फिरतो. वारा थांबवायला एक दार लावायचं. पुढचं दार म्हणजे भिंतीतली अर्थ, ते लावायचं नाही. मागचं लावायचं, म्हणजे वायरीची जाळी तोडायची आणि सिग्नल मात्र पलीकडे पोचवायचा. ट्रान्सफॉर्मर एवढंच करतो, एका गुंडाळीतून दुसरीत सिग्नल चुंबकाने जातो, तांब्याला तांबं कुठे टेकत नाही.

पण आधी खात्री करू. पुढच्या गोष्टी करून बघ आणि जसं दिसेल तसं लिही. गिटारचा व्हॉल्यूम शून्य केला तर घूं राहतं का. गिटार हातात धरून स्वतःभोवती फिरलास तर कमीजास्त होतं का. दोन्ही अ‍ॅम्प एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावले तर काय होतं. आणि सगळ्या वायरी काढून नुसता ट्यूब अ‍ॅम्प चालू केला तर काय येतं. पंधरा मिनिटांचं काम आहे.

तिसरा_मजला:

काका धन्यवाद, आणि एक कबुली, टेपवाला प्रयोग मी आधीच करून बघितला होता. घूं गेलं होतं. लिहायला लाज वाटली. टेप काढली आत्ता, शपथ.

गिटारचा व्हॉल्यूम शून्य केला तरी घूं तेवढंच. फिरून बघितलं, मोठ्या घूंमध्ये फरक नाही पण त्याच्यावर एक बारीक झर्रर आहे ते मात्र खिडकीकडे तोंड केलं की जवळजवळ जातं आणि ट्यूबलाईटकडे केलं की वाढतं. नुसता ट्यूब अ‍ॅम्प, कान लावला तरच हलकंसं ऐकू येतं. आणि आश्चर्य म्हणजे एका बोर्डवर लावल्यावर घूं निम्मं झालं! आधी ट्यूबवाला खोलीतल्या बोर्डला होता आणि दुसरा एसीच्या मोठ्या सॉकेटला, मोठा प्लग म्हणून. पूर्ण गेलं नाही पण आता बोलता येतं शेजारी बसून.

सोल्डरकाका:

टेप लावल्यावर गेलं म्हणजे लूपच आहे, निदान पक्कं. फक्त निदानाला उपचार समजू नकोस.

एका बोर्डवर निम्मं झालं कारण कडं लहान झालं. एसीची लाईन मेनपासून वेगळी येते, म्हणजे आधी तुझं कडं पार मीटरपर्यंत जाऊन परत येत होतं, आणि त्या दोन टोकांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असतोच. गिटारचा सिग्नलच मुळात 100-200 मिलिव्होल्टचा, त्यात हे मिसळलं की अ‍ॅम्प दोन्ही सारखंच मोठं करतो, त्याला काय कळतंय. जे फिरल्यावर बदलतं ते झर्रर पिकअपचं आहे, लूपचं नाही. त्याला ट्रान्सफॉर्मर काही करणार नाही, नंतर बोलू.

मिक्सिंग_लालबाग:

काकांनी थिअरी सगळी सांगितलीच, मी डब्याकडे येतो कारण मला वाटतं सीन तिथे आहे. मित्रा, जॅक कुठले लावलेस? मेटलचे, नटवाले? आणि डबा स्टीलचा?

मल्टीमीटर बझरवर ठेव, सगळ्या वायरी काढ, एक पिन इनपुट जॅकच्या बाहेरच्या भागाला आणि दुसरी आउटपुट जॅकच्या बाहेरच्या भागाला लाव. बीप झालं तर ट्रान्सफॉर्मर बिचारा आत बसून नुसता बघतोय, कारण दोन्ही जाळ्या डब्याच्या पत्र्यातून एकमेकींना भेटल्यात.

आवाज बारीक का झाला ते वेगळं. 600:600 चा टेलिफोनवाला पीस लो इम्पिडन्सला, म्हणजे कमी ओमच्या सिग्नलला, चालतो. गिटारचा पिकअप म्हणजे हजारो ओमचा, मागे दोन-तीन हेन्रीचं इंडक्टन्स, त्याला समोर 1 मेगाओम लागतो, अ‍ॅम्पचा इनपुट तेवढाच असतो म्हणून. तू त्याच्यासमोर एवढीशी गुंडाळी ठेवलीस तर खालचे सूर तिच्यातच शॉर्ट होऊन जातात. एबीवाय साधा पॅसिव्ह असेल तर पहिल्या अ‍ॅम्पचा आवाजही पडला असणार, दोघं एकाच पिकअपला पितायत. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या आधी बफर पाहिजे, म्हणजे पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे ढकलणारं छोटं सर्किट. बॉसचं पेडल असेल तर ते एबीवायच्या आधी टाक, बंद असलं तरी त्यातल्या बहुतेकांत बफर चालू असतो. ट्रू बायपासवालं चालणार नाही, बंद केलं की नुसती वायर होते.

रेडिमेडचं म्हणशील तर बेहरिंजरचा एचडी 400 स्वस्त, दोन चॅनेल, पण तोही लाईन लेव्हलसाठी (मिक्सर वगैरेंच्या, गिटारपेक्षा दणकट सिग्नलसाठी), बफर लागणारच. लेहलेचा पी-स्प्लिट बफरशिवाय चालतो, त्यातला ट्रान्सफॉर्मर हाय इम्पिडन्सचा आहे, पण त्या पैशात आईला चार टिफिन येतील. मी तर म्हणतो आधी तुझा डबा दुरुस्त करू.

तिसरा_मजला:

बीप!!!

मोठ्याने झालं बीप. तीन वेळा केलं. म्हणजे आठवडाभर मी एक स्टीलचा डबा वायरीत जोडून बसलो होतो 🤦

मग आता काय, प्लास्टिकचा डबा घेऊ?

मिक्सिंग_लालबाग:

प्लास्टिकचा नको, सिग्नल उघडा पडतो आणि ट्यूबलाईटचा झर्रर आत येतो. डबा मेटलचाच ठेव, फक्त दोनांपैकी एक जॅक डब्यापासून वेगळा कर. इनपुटचा जॅक टेकू दे, म्हणजे डबा त्या बाजूच्या अर्थला राहील, आउटपुटचा तोड. बाजारात प्लास्टिकच्या गळ्याचे जॅक मिळतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला तर ढिगाने, तो लावला की प्रश्न मिटला. नाही मिळाला तर भोक मोठं करून दोन्ही बाजूंनी फायबरचे वॉशर टाक, पण जॅकचा गळा भोकाच्या कडेला टेकता कामा नये, तिथेच सगळे फसतात.

आणि बझर लावून बघितल्याशिवाय झाकण लावू नकोस.

खर्जातली_पोरगी (ठाणे):

मध्येच घुसते, सॉरी. मला याच्या जवळचा प्रॉब्लेम आहे. मी बेस लॅपटॉपवर रेकॉर्ड करते, ऑडिओ इंटरफेसमधून (वाद्य लॅपटॉपला जोडायचा डबा), आणि त्याच इंटरफेसचं आउटपुट बेस अ‍ॅम्पच्या ऑक्समध्ये. चार्जर लावला की घूं प्लस किर्रर, माऊस हलवला तर किर्ररचा सूर बदलतो 😂 चार्जर काढला की स्वच्छ. ऑफिसमधला एक जण म्हणाला मेनचा 230 ते 230 आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घे, 500 व्हीएचा, सगळं त्याच्यावर चालव. खरंच घेऊ का? उचलायलाच दोन माणसं लागतील असं वाटतं.

मिक्सिंग_लालबाग:

नको घेऊस. नावं सारखी आहेत म्हणून लोक गल्लत करतात. तो मेनचा ट्रान्सफॉर्मर, हा सिग्नलचा. मेनवाल्यात अर्थची तार बहुतेक वेळा इकडून तिकडे तशीच नेलेली असते, म्हणजे तुझा लूप जागच्या जागी. आणि अर्थ तोडली तर परत कोल्हापूरचा सल्ला, शिवाय त्याच्या पुढे काही लीक झालं तर मेनमधली आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) पडतही नाही, तिला कळतच नाही.

तुझं केस सगळ्यात सोपं आहे. इंटरफेसचं आउटपुट लाईन लेव्हल, लो इम्पिडन्स, तिथे हेच छोटे ट्रान्सफॉर्मर मस्त चालतात, बफर वगैरे काही नको. फक्त बेस आहे म्हणून अंगठ्याएवढा नको. छोटा गाभा खालच्या सुरांना लवकर भरतो आणि आवाज फाटतो, बेसची उघडी ई 41 हर्ट्झची असते. 10 किलोओम ते 10 किलोओमचा चांगला पीस बघ. जेन्सनचा जेटी-11पी-1 म्हणजे या कामातला राजा, पण किंमतही राजासारखी.

सोल्डरकाका:

पोरी, चार्जर टू-पिनचा आहे की थ्री-पिनचा? टू-पिनचा असेल तर लॅपटॉपच्या पत्र्यावरून हात फिरवल्यावर मुंग्या येतात का? त्या चार्जरमधल्या कपॅसिटरमधून झिरपतात, करंट अगदी बारीक असतो, पण ऑडिओला तेवढा पुरतो. ट्रान्सफॉर्मरने तेही बरंच थांबेल.

खर्जातली_पोरगी (ठाणे):

थ्री-पिनचा आहे काका. पण माझ्या जुन्या लॅपटॉपवर मुंग्या यायच्या, मला वाटायचं माझाच भ्रम आहे! बरं, ट्रान्सफॉर्मर शोधते. लालबाग, थँक्यू, ऑफिसमधल्याला दाखवते हे.

बॅकलाईन_कोल्हापूर:

काका, रागावू नका पण एक सांगतो. वरचं वाचून झोप न्हाई लागली. गेल्या वर्षी एका गावात कार्यक्रमाला माइकला तोंड लावलं आणि ओठाला असा चटका बसला की अर्धी ओळ तशीच ऱ्हायली, लोकांना वाटलं भावना अनावर झाल्या. तवा आमी म्हणलं माइक खराब असंल, दुसरा माइक लावला आणि त्यावर फोमची टोपी घातली. आत्ता कळतंय काय होतं ते. अ‍ॅम्पला टेप माझीच होती.

आता जनरेटर असतो तिथं काय करावं ते पण सांगा.

सोल्डरकाका:

बरं झालं लिहिलंत. टोपीने वाचवलं तुम्हाला, सुकी होती म्हणून.

मांडवात एकच धरा. साउंडवाल्याचा मिक्सर आणि तुमचे अ‍ॅम्प एकाच डिस्ट्रिब्युशन बोर्डवरून घ्या, लाईटवाल्याच्या बोर्डवरून घेऊ नका. जनरेटरला अर्थची सळई जमिनीत ठोकायला लावा, त्या जागी पाणी ओता, आणि बोर्डवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का ते स्वतः बघा, तिच्यावरचं टेस्टचं बटण दाबून ती पडते का तेही बघा. आणि गाण्याआधी टेस्टर घेऊन माइकच्या जाळीला लावा आणि मग गिटारच्या तारांनाही, दुसरा हात कशालाही न लावता. दिवा पेटला तर गायचं नाही. गिटार मिक्सरला द्यायची असेल तर डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं ते दाबा, ते सिग्नलची जाळी तोडतं, मेनची अर्थ नाही, म्हणून ते चालतं.

पूर्वी मी मर्फीचे रेडिओ दुरुस्त करायचो, काही रेडिओंना ट्रान्सफॉर्मरच नसायचा, चॅसी सरळ मेनला. लाकडी कॅबिनेट होतं म्हणून लोक वाचायचे. बटणाचा स्क्रू सैल झाला की झटका. असो, विषय भरकटला.

तिसरा_मजला:

झालंऽऽऽ!

जॅक नाशिकला मिळाला नाही, मग तुपाच्या बरणीचं प्लास्टिकचं झाकण कापून त्याच्या चकत्या केल्या, आत एक बाहेर एक, आणि भोक गोल कानशीने मोठं केलं. पहिल्यांदा परत बीप आलं, लालबाग म्हणाला तेच, गळा कडेला टेकत होता. मग गळ्याला रिफिलच्या नळीसारखी एक जाड नळी आडवी कापून घातली (सलाईनची नळी होती घरात, आजीची), आणि मग बीप नाही. कसलं समाधान वाटलं त्या शांततेचं.

वायरी लावल्या, दोन्ही अ‍ॅम्प चालू केले, आणि घूं नाही. मला वाटलं अ‍ॅम्प चालूच झाला नाही म्हणून तार छेडली तर दचकलो. परत दोन वेगवेगळ्या सॉकेटला लावूनही बघितलं, तरी नाही. मित्राचं बॉसचं ट्यूनर पेडल आणलंय, ते एबीवायच्या आधी टाकलं, खर्ज बराचसा परत आला.

पण दोन गोष्टी राहिल्यात. एक, डबा ट्यूब अ‍ॅम्पच्या डोक्यावर ठेवला की परत बारीक घूं येतं, खाली ठेवला की जातं. डबा स्टीलचा असून आत कसं शिरतं? आणि दोन, दोन्ही अ‍ॅम्प एकदम वाजवले तर आवाज एकट्यापेक्षा मोठा व्हायला पाहिजे ना, उलट पोकळ वाटतो, मधला भाग कुणीतरी चमच्याने काढून घेतल्यासारखा.

मिक्सिंग_लालबाग:

एक नंबर! सलाईनची नळी, मान गये.

पहिलं, डब्याला फ्रिजवरचं मॅग्नेट चिकटतं का बघ. टिफिनचं स्टेनलेस बऱ्याचदा चुंबकाला धरत नाही, मग 50 हर्ट्झच्या चुंबकी क्षेत्राला ते दिसतही नाही, सरळ आरपार जातं. अ‍ॅम्पच्या आत पॉवर ट्रान्सफॉर्मर आहे, तो आजूबाजूला क्षेत्र फेकतो, तुझा छोटा ट्रान्सफॉर्मर ते पकडतो. महागड्या बॉक्समध्ये आत म्यू-मेटलची टोपी असते ती याच्याचसाठी. तू फक्त दोन फूट लांब ठेव, आणि तरी आलं तर डबा 90 अंशात फिरव, एका कोनात जवळजवळ नाहीसं होतं.

दुसरं, फेज (मेनची नव्हे, सिग्नलची). तुझा एक अ‍ॅम्प स्पीकर पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे ओढतोय. सगळ्या अ‍ॅम्पची फेज सारखी नसते, आत स्टेज किती आहेत त्यावर असतं. कदाचित तूच ट्रान्सफॉर्मर उलटा जोडला असशील. काहीही असो, ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटच्या बाजूच्या दोन तारा अदलाबदल कर, जॅकच्या टोकाला होती ती बाहेरच्या भागाला आणि उलट. ट्रान्सफॉर्मरचा हा फुकटचा फायदा, नुसत्या वायरीने हे जमत नाही. पुढे हौस आली तर तिथे एक डीपीडीटी स्विच टाक, दोन्ही तारा एकदम उलटवणारा.

आणि हो, पहिल्या अ‍ॅम्पच्या वायरीत पण बॉक्स टाकू का असं विचारशील तर नको. एक वायर सरळ राहिलीच पाहिजे. दोन्ही तोडल्या तर गिटार आणि पेडल अधांतरी, तारांना अर्थच नाही, मग जे घूं सुरू होईल ते आधीपेक्षा वाईट.

तिसरा_मजला:

मॅग्नेट चिकटलं नाही. तारा बदलल्या, आणि बाप रे, खोली भरली एकदम. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या विचारायला की काय चाललंय.

आता फक्त तो झर्रर राहिलाय ट्यूबलाईटकडे तोंड केल्यावरचा.

सोल्डरकाका:

तो राहणारच, तो पिकअपचा स्वभाव आहे. एकाच कॉइलचा पिकअप म्हणजे आजूबाजूच्या क्षेत्राची अँटेना. गिब्सनमध्ये सेथ लव्हरने 1955 मध्ये दोन कॉइल उलटसुलट जोडून हंबकर केला तो याच त्रासाला वैतागून. तुझ्या स्ट्रॅटवर पिकअप स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागेवर ठेवून बघ, मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असेल तर तिथे झर्रर जवळजवळ जाईल. गेला नाही तर मधला साधाच आहे असं समज. आणि जुनी चोकवाली ट्यूबलाईट असेल तर वाजवताना ती बंद करून एलईडी लाव. एलईडी पण स्वस्तातली घेऊ नकोस, काहींचा ड्रायव्हर ट्यूबलाईटपेक्षा वाईट किर्र करतो.

ट्यूब अ‍ॅम्प सेकंडहँड आहे म्हणालास म्हणून एक. कान लावल्यावर हलकं ऐकू येतं ते पुढे वाढत गेलं, तर फिल्टर कपॅसिटर म्हातारे झालेत. स्वतः उघडू नकोस. आत 300 व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही बराच वेळ तिथेच बसून असतो.

तिसरा_मजला:

चौथ्या जागेवर गेला झर्रर, दुसऱ्यावर पण! इतकी वर्षं मी त्या दोन जागा वापरतच नव्हतो.

काका, लालबाग, सगळ्यांचे आभार. अ‍ॅम्प उघडणार नाही. टिफिनचं मात्र आज संध्याकाळी उघड झालं, आईने बाकीचे दोन कप्पे बाहेर काढले आणि तिसरा कुठाय विचारलं. मी दोन्ही अ‍ॅम्प लावून दाखवले. म्हणाली ठीक आहे, पण झाकण तरी परत दे.

तानपुरा_फुकट:

म्हणजे आता तंबोरा बंद? मग मी निघतो.